चॅपल हिलचा वस्ताद

अमेरिकेतल्या महिला फुटबॉलचा इतिहास ज्याला वगळून लिहिताच येणार नाही, तो माणूस जन्मला मुंबईत. ९ एप्रिल १९५१. नाव अ‍ॅन्सन डोरन्स. वडील अमेरिकन, तेलाच्या धंद्यातले, बदलीची नोकरी. त्यामुळे पोराचं बालपण भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम असं फिरतीवर गेलं आणि हायस्कूल झालं स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्गला. ज्या देशाचं पारपत्र खिशात होतं त्या देशात स्थिर व्हायला त्याला कॉलेजचं वय उजाडावं लागलं. आणि एकदा स्थिर झाला तो असा, की पुढची पन्नासएक वर्षं नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल या एका विद्यापीठाच्या गावातून हललाच नाही.

मुंबईच्या जन्माचा त्याच्या कर्तबगारीशी काडीचाही संबंध नाही, हे मला कळतं. पण आपल्याला प्रत्येक मोठ्या माणसात आपलं गाव शोधायची खोड असते, आणि मी काही तिला अपवाद नाही. म्हणून एवढं सांगते, की त्याच्या जन्माच्या महिनाभर आधी दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने इराणला १-० हरवून फुटबॉलचं सुवर्ण घेतलं होतं. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, आणि मुंबईच्या रोव्हर्स कपवर रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाचं राज्य होतं. त्या काळी फुटबॉलमध्ये अमेरिकेने आपल्याकडे बघावं अशी परिस्थिती होती, उलटी नव्हे.

मी मूळची कोल्हापूरची, आणि आता चॅपल हिलपासून अर्ध्या तासावर कॅरी गावात राहते. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल समजावून सांगावा लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. आमच्याकडे फुटबॉल हा पेठांचा मामला. तालमीत कुस्ती होती, तिथेच नंतर फुटबॉल शिरला, त्यामुळे संघाची नावंसुद्धा ‘तालीम मंडळ’. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिसची मॅच असली की आमच्या घरातले पुरुष दुपारी जेवून जे गायब व्हायचे ते रात्रीच उगवायचे, हरले असतील तर न बोलता. आणि प्रत्येक तालमीत एक वस्ताद असायचा. पोरं यायची, खेळायची, लग्न करून पोटापाण्याला लागायची. वस्ताद तिथेच. मी मात्र हे सगळं लांबूनच पाहिलं. पेठेतल्या पोरींनी मैदानात उतरायचं असतं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही येत नसे, माझ्याही नाही.

म्हणूनच डोरन्सबद्दल मी इतकी वर्षं वाचत आले असेन. हा पोरींचा वस्ताद.

त्याची सुरुवात मात्र पोरांपासून झाली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून इंग्रजी आणि तत्त्वज्ञान घेऊन तो १९७४ साली पदवीधर झाला, मार्व्हिन अ‍ॅलन नावाच्या जुन्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला. पुढे वकिली शिकायला लागला. अ‍ॅलन निवृत्त झाले तेव्हा विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख बिल कोबी यांनी या पंचविशीतल्या पोराला पुरुषांच्या संघाचं काम दिलं. १९७७ पासून तो ते बघू लागला. मग काही विद्यार्थिनी कोबींकडे गेल्या. आमचा हौशी क्लब आहे, त्याला विद्यापीठाचा अधिकृत संघ करा, असं त्यांचं म्हणणं. कोबींनी डोरन्सला त्यांचा खेळ बघून यायला सांगितलं. तो बघून आला, आणि १९७९ पासून दोन्ही संघ त्याच्या गळ्यात पडले. कायद्याची पदवी थोडक्यात राहिली ती राहिलीच. १९८८ पर्यंत तो दोन्ही संघ एकाच वेळी सांभाळत होता, आणि पुरुषांचा संघही काही लेचापेचा नव्हता. १९८७ साली तो राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. वकील झाला असता तर बरा वकील झाला असता. बोलायला तो कधी कमी पडला नाही.

आता १९७९ या सालापाशी जरा थांबायला हवं. त्या वर्षी अमेरिकेला महिलांचा राष्ट्रीय संघच नव्हता. आपल्याला होता! आपली महिला फुटबॉल संघटना १९७५ साली स्थापन झाली. १९८० च्या जानेवारीत कालिकतला आशियाई स्पर्धा झाली तिच्यात भारतीय मुली उपविजेत्या होत्या, १९८३ साली बँकॉकला पुन्हा उपविजेत्या. बंगालच्या शांती मलिक यांना त्याच सुमाराला अर्जुन पुरस्कार मिळाला, गोव्याच्या योलांडा डिसूझांचं नाव जुन्या फुटबॉलवेड्या गोवेकरांना अजून आठवतं. अमेरिकेचा महिला संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट १९८५ च्या ऑगस्टमध्ये, इटलीत. आणि तिथून सहा वर्षांत तो जगज्जेता झाला.

मधल्या सहा वर्षांत अमेरिकन मुलींच्या पायांत काही जादू शिरली नाही. १९७२ साली ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं; खेळाचा शब्दही त्या मूळ वाक्यात नाही. पण त्याचा अर्थ खेळालाही लागू झाला आणि विद्यापीठांची तारांबळ उडाली. अमेरिकन फुटबॉलच्या संघात शंभरएक मुलगे पोसायचे, तर तेवढ्या मुलींना कुठे खेळवायचं? सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, सोयीचं पडलं. मैदान असतंच, चेंडू लागतो, आणि एका संघात पंचवीस-तीस मुली सहज मावतात. शिष्यवृत्त्या आल्या, बस आली, डॉक्टर आला, पगारी प्रशिक्षक आला. आपल्या मुलींकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे खेळ होता आणि मागे कोणी नव्हतं. मला या विषयावर बोलायला लागलं की राग येतो, त्यामुळे पुढे जाते.

कायद्याने दार उघडलं होतं. डोरन्स त्यातून धावत आत घुसला. मुलींसाठी राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती, तर त्याने कोलोरॅडोच्या प्रशिक्षकाबरोबर खटपट करून तेव्हाच्या महिला क्रीडा संघटनेला ती भरवायला लावली. १९८१ साली ती चॅपल हिललाच झाली आणि चॅपल हिलनेच जिंकली. पुढच्या वर्षापासून एनसीएए या मोठ्या संघटनेने स्पर्धा हातात घेतली. त्यानंतरचा हिशेब असा: १९८२, ८३, ८४. १९८५ ला अंतिम सामन्यात जॉर्ज मेसन विद्यापीठाकडून २-० हार. मग १९८६ ते १९९४ सलग नऊ. मग अधूनमधून, त्याचं शेवटचं २०१२ ला. एनसीएएची एकवीस आणि ते पहिलं धरून बावीस विजेतेपदं. मधल्या एका काळात लागोपाठ ९२ सामने जिंकले. १९९४ साली नोत्र दाम विद्यापीठाने ०-० असं रोखलं तेव्हा ती मालिका तुटली. कुठल्याही खेळात असा आकडा वाचला की मला आधी समोरच्या संघांची कीव येते. १९९३ च्या अंतिम सामन्यात तर जॉर्ज मेसनवर सहा गोल. ८५ ची उधारी व्याजासकट.

आकड्यांनी मला फार वेळ धरून ठेवलं नाही. धरून ठेवलं ते सरावाच्या पद्धतीने.

चॅपल हिल हे खरं तर बास्केटबॉलचं गाव. तिथले बास्केटबॉलचे प्रशिक्षक डीन स्मिथ म्हणजे राज्यात देवासमान. डोरन्स त्यांचा सराव बघायला गेला, तर मैदानाच्या कडेला विद्यार्थी वह्या घेऊन बसलेले. कोणी किती चेंडू टाकले, किती गेले, कोणाचा गट जिंकला, सगळं टिपून घेत होते. हे त्याने उचललं आणि मुलींच्या फुटबॉलला लावलं, पण स्मिथपेक्षाही कडक करून. धावणं, पास, हेडर, गोलवर फटके, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकास एक: दोन मुली, एक चेंडू, बघू कोण कोणाला चकवतं. प्रत्येक गोष्टीचा निकाल लिहिला जायचा, क्रमांक लागायचे आणि ती यादी सगळ्यांना दिसेल अशी फळ्यावर लावली जायची. पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत. या प्रकाराला तो ‘स्पर्धेची कढई’ अशा अर्थाचं नाव देतो.

बोर्डाच्या गुणवत्ता यादीवर वाढलेल्या आपल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. अमेरिकेत मात्र ते मोठं होतं, कारण मुलींच्या खेळात एक न बोललेला करार असायचा: सरावात मैत्रिणीला फार जोरात भिडायचं नाही. १९८३ साली कोलोरॅडोहून एप्रिल हाइनरिक्स नावाची मुलगी आली. ती हा करार मानायलाच तयार नव्हती. सरावातही अशी भिडायची की बाकीच्या मुली वैतागून डोरन्सकडे तक्रार घेऊन गेल्या, हिचं काहीतरी करा. त्याच्या मनात आलं ते असं, की हिच्यासारख्या आणखी दहा कुठून आणू. हा किस्सा त्याने पुढे असंख्य वेळा सांगितला आहे. मला त्यातली दुसरी बाजू जास्त रोचक वाटते. त्या तक्रार करणाऱ्या मुली वाईट नव्हत्या. त्यांना लहानपणापासून जे शिकवलं होतं तेच त्या करत होत्या. डोरन्सने त्यांना एवढंच शिकवलं की फळ्यावर जे लागलंय ते तुझं माणूस म्हणून मोल नाही. त्यामुळे त्याला घाबरू नकोस आणि मैत्रीच्या नावाखाली ते लपवूही नकोस.

माझी लेक एका उन्हाळ्यात चॅपल हिलच्या मुलींच्या शिबिराला गेली होती. मी तिला आणायला गेले तर गाडीत बसल्याबसल्या तिने जाहीर केलं की एकास एकमध्ये तिच्या जिवलग मैत्रिणीने तिला धुतलं. ती मैत्रीणही गाडीतच होती, तिच्या शेजारी, आणि दोघी मी आणलेल्या डब्यातल्या चकल्या खात होत्या. मी आईपणाने म्हटलं, “अगं, असू दे, खेळ आहे.” दोघींनी माझ्याकडे अशा काही पाहिलं, की मी पुढे रस्त्याकडेच लक्ष दिलं.

मैदानावर त्याचा संघ खेळायचा तोही असाच, अंगावर येणारा. मागे तिघीच, मधे चौघी, पुढे तिघी. समोरच्या संघाकडे चेंडू गेला की मागे सरायचं नाही, तिथेच, त्यांच्या गोलासमोर, त्यांना घेरायचं. असं नव्वद मिनिटं पळणं अशक्य, म्हणून कॉलेजच्या नियमात मुबलक बदली खेळाडू चालतात त्याचा तो पुरेपूर फायदा घ्यायचा. दमलेल्या मुली एकदम बाहेर, ताज्या दमाच्या एकदम आत. युरोपातल्या जाणकारांना हे फुटबॉल कमी आणि धावपळ जास्त वाटायचं. ते अगदीच चुकीचं नाही. सुंदर फुटबॉल बघायला मी नॉर्थ कॅरोलिनाच्या सामन्याला गेले नसते. पण समोरच्या संघाची बचावफळी पंचविसाव्या मिनिटाला चेंडू नको म्हणायला लागते, ते बघायला मात्र नक्की गेले असते, आणि गेलेही.

१९८६ साली त्याला राष्ट्रीय संघही मिळाला. तोवर तिथे काही नव्हतंच, त्यामुळे त्याने आपल्याच पद्धतीने बांधला, आणि बऱ्याचशा मुलीही आपल्याच आणल्या. पुढे जगप्रसिद्ध झालेली मिया हॅम पंधरा वर्षांची असताना त्याने तिला राष्ट्रीय संघात घेतलं. नंतर ती त्याच्याच कॉलेजात शिकायला आली. १९९१ च्या नोव्हेंबरात चीनमध्ये महिलांचा पहिला जागतिक करंडक झाला. तेव्हा फिफाला स्वतःलाच खात्री नव्हती. सामने ऐंशी मिनिटांचे ठेवले होते आणि ‘वर्ल्ड कप’ हे नावही द्यायचं टाळलं होतं. अमेरिकेच्या पुढच्या फळीत हाइनरिक्स, मिशेल एकर्स, कॅरिन जेनिंग्ज; चिनी पत्रकारांनी त्यांना तिहेरी धारेची तलवार म्हटलं. ग्वांगझौच्या भरलेल्या स्टेडियममध्ये नॉर्वेवर २-१, दोन्ही गोल एकर्सचे. आणि हा जगज्जेता संघ मायदेशी विमानतळावर उतरला तेव्हा स्वागताला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. त्यातून काय घ्यायचं ते घ्या. आपल्याकडे महिलांची राष्ट्रीय स्पर्धा एआयएफएफ या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या छताखाली सुरू झाली तीही त्याच सुमारास.

१९९४ मध्ये त्याने राष्ट्रीय संघ सोडला. कॉलेज सोडलं नाही. मला त्याच्याविषयी सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते याचं. जगज्जेता प्रशिक्षक आहे, कुठेही जाऊ शकतो, आणि हा परत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींना बीप टेस्टला, म्हणजे दमसासाच्या धावण्याच्या चाचणीला, उभ्या करायला येतो. क्लबच्या प्रशिक्षकाला चांगला खेळाडू दहा वर्षं मिळू शकतो. कॉलेजच्या प्रशिक्षकाला चार. दरवर्षी पाव संघ जातो, आणि तोही नेमका तयार झालेला पाव संघ. मिया हॅम गेली, क्रिस्टीन लिली गेली, सिंडी पार्लो गेली, टोबिन हीथ, क्रिस्टल डन. इंग्लंडची लूसी ब्राँझ तर एकच मोसम होती. मुली मोठ्या होत जातात, प्रशिक्षक तेवढा म्हातारा होत जातो, आणि समोर येणारी मात्र कायम अठराची.

या जाण्याला त्याने जे उत्तर काढलं ते पत्रं. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला तो मोसमाच्या अखेरीस पत्र लिहायचा. त्यात गोल आणि पास नसायचे. तू माणूस म्हणून कशी आहेस, तुझ्यामुळे या संघात काय फरक पडला, ते असायचं. मिया हॅमची गोष्ट तर अमेरिकेत प्रत्येक मुलींच्या संघाला ऐकवली जाते. थंडीतल्या एका सकाळी डोरन्स गाडीने कामावर चालला होता, तर मैदानावर एक मुलगी एकटीच धावण्याचे फेरे मारताना दिसली. घामाने निथळलेली, कंबरेत वाकलेली, बघायला कोणी नाही. ती हॅम होती. तो थांबला नाही, हाक मारली नाही. कार्यालयात जाऊन तिला दोन ओळींची चिठ्ठी लिहिली, की विजेता असाच दिसतो. ती चिठ्ठी तिने जपून ठेवली आणि पुढे जगाला सांगितली.

हे मी एकदा फोनवर आण्णांना सांगितलं. माझे वडील तरुणपणी पेठेच्या संघात बचावाला खेळलेले, तालमीची माती अंगाला लागलेली.

“वस्तादानं पत्र लिहायचं?” ते म्हणाले. “कशापायी? तोंडानं सांगता येत न्हाई व्हय त्याला?”

“तोंडाने सांगितलेलं विसरतात आण्णा.”

“आमच्या वस्तादानं पाठीवर थाप मारली की चार दिवस दुखायचं. ते कसं इसरंल?”

मग थोडा वेळ गप्प. आणि मग त्यांनीच विचारलं, “आन् हरल्यावर काय लिव्हतो त्यो?”

या प्रश्नाचं चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण त्याने कितीतरी वेळा जाहीरपणे मांडलेलं एक मत मी आण्णांना ऐकवलं. पुरुषांच्या संघाला सामन्यानंतर सांगितलं की तुमच्यातले काहीजण आज पळाले नाहीत, तर प्रत्येकाला वाटतं की हे शेजारच्याबद्दल आहे. मुलींना सांगितलं तर प्रत्येकीला वाटतं, हे माझ्याबद्दल आहे. म्हणून मुलींवर ओरडून उपयोग नाही. त्यांचा तुमच्यावर माणूस म्हणून विश्वास बसावा लागतो. आण्णांना हे फार पटलं. मला निम्मंच पटतं. स्वतःला दोष देण्याची सवय मुलींच्या रक्तात नसते, घरात लागते. पण ज्या काळात बहुतेक प्रशिक्षक मुलींच्या संघाला कमी दर्जाचा मुलांचा संघ समजून शिकवत होते, त्या काळात हा माणूस निदान समोर कोण उभं आहे ते बघत होता.

आता त्याच जवळिकीची दुसरी बाजू. ती टाळून डोरन्सवर लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे आणि ते मला आवडत नाही.

१९९८ साली दोन माजी खेळाडूंनी त्याच्यावर आणि विद्यापीठावर लैंगिक छळाचा खटला भरला. मुलींच्या खासगी आयुष्याबद्दल, त्यांच्या शरीरसंबंधांबद्दल प्रशिक्षकाने प्रश्न विचारले, शेरे मारले, असा त्यांचा आरोप होता. मुलींच्या आपापसातल्या त्या प्रकारच्या थट्टामस्करीत आपण भाग घेतला, हे त्याने मान्य केलं. छळ केला, हे कायम नाकारलं. एकीशी २००४ मध्ये तडजोड झाली. दुसरीचा दावा खालच्या न्यायालयाने फेटाळला होता, तो २००७ साली अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने पुन्हा उभा केला, आणि २००८ च्या सुरुवातीला विद्यापीठाने ३,८५,००० डॉलर देऊन तो मिटवला. डोरन्सने माफीचं पत्र लिहिलं. न्यायालयात निकाल कधी लागलाच नाही.

त्याच वर्षी त्याचा अमेरिकेच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

त्याच्या बाजूने कितीतरी माजी खेळाडू उभ्या राहिल्या, त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. पण एकोणीस वर्षांची मुलगी, तिचं मैदानावरचं स्थान ठरवणारा, तिचा क्रमांक फळ्यावर लावणारा, तिच्याशी वर्षातून अनेकदा बंद दाराआड बोलणारा माणूस, आणि त्या माणसाला गावात कोणी नाही म्हणू शकत नाही, अशा ठिकाणी ‘थट्टा’ हा शब्द फार हलका पडतो. तिच्या मनातलं ओळखून तिला आयुष्यभर पुरेल अशी चिठ्ठी लिहिणं, आणि तिने न मागता तिच्या आयुष्यात डोकावणं, या दोन गोष्टी एकाच सवयीतून येऊ शकतात. तालमीतही हे होतंच. वस्तादाचा शब्द शेवटचा, असं आम्ही अभिमानाने सांगायचो. तो शब्द चुकला तर कोणाकडे जायचं, हे आम्ही कधी विचारलं नाही, कारण तिथे सगळे पुरुष होते आणि त्रास होत असेल तर तोही बोलायचा नसे.

२०१२ नंतर विजेतेपद आलं नाही. बाकीचं जग जागं झालं होतं. स्टॅनफर्ड, फ्लोरिडा स्टेट, यूसीएलए या विद्यापीठांतही पैसा, मैदानं, चांगले प्रशिक्षक आले, आणि नुसत्या धावण्याने त्यांना हरवता येईना. २०१८ ची अंतिम फेरी आमच्या कॅरीतच झाली, फ्लोरिडा स्टेटकडून १-० हार. २०१९ ला स्टॅनफर्डकडून पेनल्टीवर. डोरन्सच्या त्या हरलेल्या संघात इंग्लंडची अलेसिया रुसो होती. पुढे तिने २०२५ च्या युरोच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध हेडरने बरोबरी साधून दिली आणि इंग्लंड जिंकलं. म्हणजे युरोप जिंकला, पण कॉलेजची ट्रॉफी काही तिच्या नशिबात नव्हती. २०२२ ला पुन्हा कॅरी, पुन्हा अंतिम सामना, यूसीएलएवर २-० आघाडी. आघाडी निम्मी झाली, आणि शेवटचे सोळा सेकंद उरलेले असताना बरोबरी झाली. जादा वेळेत हार. आमच्या कॉलनीतल्या ज्या लोकांना फुटबॉलमधलं काही कळत नाही तेही दुसऱ्या दिवशी सोळा सेकंद, सोळा सेकंद करत होते.

आणि २०२३ च्या नोव्हेंबरात, उपांत्यपूर्व फेरीत, यूटामध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध ३-० असे पुढे असताना ४-३ हरले. सत्तरी ओलांडलेल्या डोरन्सचा प्रशिक्षक म्हणून तो शेवटचा सामना ठरला. तेव्हा ते कोणाला माहीत नव्हतं.

त्या मोसमानंतर संघ फुटला. काही मुली व्यावसायिक झाल्या, काही ‘ट्रान्सफर पोर्टल’मधून दुसऱ्या विद्यापीठांत गेल्या. आधी कॉलेज बदलताना खेळाडूवर जास्त बंधनं असत. आता तसं नाही, शिवाय २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा आहे. अठराव्या वर्षी कॉलेज न करताच व्यावसायिक होणाऱ्या मुलीही वाढल्या. खेळाडूंच्या दृष्टीने हे सगळं न्याय्यच आहे. इतकी वर्षं त्यांच्या जिवावर इतरांनीच कमावलं. पण चार वर्षं एकीला घडवायचं आणि शेवटी पत्र लिहायचं, हा जो त्याचा धंदा होता, त्याचा कच्चा मालच संपत चालला होता. दोन वर्षांनी गेलेल्या मुलीला कसलं पत्र लिहिणार.

११ ऑगस्ट २०२४ ला, मोसम सुरू व्हायला काही दिवस उरले असताना, त्याने थांबतो असं जाहीर केलं. पंचेचाळीस मोसम, महिला संघाचे नऊशेहून जास्त विजय. २०१९ पासून तिथलं मैदानच ‘डोरन्स फील्ड’ म्हणून ओळखलं जातं, म्हणजे शेवटची काही वर्षं तो स्वतःच्या नावाच्या मैदानावर शिट्टी वाजवत होता. अशा वेळी बाहेरून बडा माणूस आणतात. इथे त्याचाच सहायक डेमन नहास याच्याकडे तात्पुरता कारभार दिला. बहुतेक नव्या मुलींचा संघ, तात्पुरता प्रशिक्षक, तोंडावर आलेला मोसम. सगळ्यांनी मनातल्या मनात हे वर्ष सोडून दिलं होतं. मीसुद्धा.

डिसेंबरात ते अंतिम फेरीत. समोर राज्यातलंच वेक फॉरेस्ट विद्यापीठ, मैदान पुन्हा आमच्या कॅरीचं. सोमवारची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी शाळा, तरी आम्ही गेलो. स्टँडमध्ये आकाशी निळ्या टोप्या घातलेल्या लहान पोरींचे थवेच्या थवे, त्यांचे बाप कॉफीचे पेले सांभाळत मागे. सामना काही फार देखणा नव्हता. ऑलिव्हिया थॉमसच्या एका गोलवर नॉर्थ कॅरोलिना जिंकलं, १-०. एनसीएएचं बावीसावं. बारा वर्षांनी. आणि ज्याने आधीची एकवीस आणली त्याच्या नावावर हे नाही.

परत येताना गाडीत वाद झाला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, हे नहासचंच. त्याने चार महिन्यांत नवा संघ उभा केला, म्हाताऱ्याचं काय त्यात. लेक म्हणाली, मुलींचं. तुम्ही मोठी माणसं कायम प्रशिक्षकाचंच काय बोलता. मी म्हटलं, ज्या सहायकाने हा संघ उभा केला तो कुणाच्या हाताखाली शिकला, आणि एकास एकचा निकाल अजून फळ्यावर लागतो तो कुणामुळे, तेही जरा बघा. नवरा म्हणाला, मग हरले असते तर तेही त्याच्याच खात्यात टाकलं असतंस का? मी हो म्हणाले. त्याला ते खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णांना फोन केला. निकाल त्यांना नातवाने आधीच सांगितला होता. त्यांना एवढंच हवं होतं की नवा वस्ताद तरी पत्रं लिहितो का. मी म्हटलं, ठाऊक नाही. “मग इचार की तुझ्या पोरीला,” ते म्हणाले. “तिला कळंल आमच्याआधी.” लेक तेवढ्यात शाळेच्या सरावाला निघाली होती, बूट हातात, दार उघडं टाकून.